उंबराचा साला

मीटरसमोर उभा राहिला की तो उजव्या हाताचा तळवा कपाळाशी आडवा धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि आकडे एकेक करून मोठ्याने वाचायचा. हे वाचन कुणासाठी नव्हते. कंपनीने दिलेल्या मोबाइलवर मीटरचा फोटो काढला की काम संपत होते. तरी तो आधी वाचायचा, मग फोटो काढायचा. घरातून कुणी घाई केली, यंदा बिल वाढले म्हणून अंगावर आले, तरी त्याचे उत्तर ठरलेले असे. "आधी रीडिंग, मंग बोलनं."

तुमच्या गल्लीतही असा माणूस येऊन गेला असेल आणि तुम्ही त्याच्याकडे नीट पाहिले नसेल. महिन्यातून एकदा प्रत्येक घराच्या मागच्या-पुढच्या अंगणात जाण्याची मुभा असलेला माणूस गावात दुसरा नसतो. पोलिसाला कारण लागते, पाहुण्याला आमंत्रण लागते. त्याला दोन्ही लागत नव्हते. त्यामुळे नंदुरबारच्या आमच्या भागात कुणाच्या परसात कोणते झाड आहे, कुणाच्या लिंबावर कीड आहे, कुणाचा शेवगा यंदा फुलला नाही, हे घरच्या माणसांच्या आधी त्याला कळायचे.

मी वर्तमानपत्रात काम करतो. जिल्ह्याची पाने पाहतो. या माणसाचा मी सात वर्षे हेवा केला. हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे माझ्या पुढच्या विधानांना किती वजन द्यायचे ते तुम्हाला ठरवता येईल. त्याचे नाव लिहीत नाही. एकदा लिहायला हवे होते तेव्हा लिहिले नाही, त्याबद्दल पुढे येईल.

हेव्याचे कारण अंजिराचे झाड.

एका कार्यशाळेसाठी पुण्याला गेलो असताना तिथल्या वार्ताहर मित्राने पुरंदरकडची त्याची बाग दाखवली. येताना मी अंजिराच्या तीन काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. दोन वाळल्या. तिसरी मोरीच्या पाण्याजवळ लावली होती, ती जगली. दुसऱ्या वर्षी तिला फांद्या फुटल्या. तेव्हा तो रीडिंगला आला, मीटर वाचला आणि तळवा तसाच कपाळावर ठेवून झाडाकडे वळला. वरून खाली, खालून वर पाहिले.

"भाऊसाहेब, एक काडी देशात का?"

मी दिली. कात्री घेऊन स्वतः कापून दिली. तो आमच्याच मागच्या गल्लीत भाड्याने राहत होता. घरात एकटाच. बायको वारली होती, मुलगी सुरतेला सासरी. त्याच्या दोन खोल्यांमागे एका खाटेएवढी मोकळी जागा होती. तिथे ती काडी लागली. आमच्या गच्चीवरून ती जागा स्पष्ट दिसते. पुढे मला गच्चीवर जायची सवय लागली, तिचे कारण मी घरात ‘हवा खायला’ असे सांगत असे.

माझे झाड जोमाने वाढले. मी शेणखत घालत होतो. मोरीचे पाणी चोवीस तास होते. तिसऱ्या वर्षी ते छपराच्या वर गेले, पाने पंजासारखी मोठी आणि काळपट हिरवी. येणारा-जाणारा थांबून पाहायचा. फळ मात्र नव्हते. वाटाण्याएवढी गाठ धरायची आणि गळून जायची.

त्याच्या झाडाचे त्याने वेगळेच केले. पाऊस संपल्यावर महिनाभर पाणी तोडले आणि मग करवत घेऊन झाड कमरेपर्यंत छाटले. गच्चीवरून पाहिले तेव्हा जमिनीतून तीन खुंट वर आलेले दिसत होते. मी बायकोला बोलावून दाखवले. आम्ही हसलो. फेब्रुवारीच्या शेवटी त्या खुंटांच्या नव्या फांद्यांवर, प्रत्येक पानाच्या बगलेत एक, अशी अंजिरे लागली. ती मी मोजली. आकडा देत नाही.

त्याने प्रत्येक फळाला कागदी टोपी घातली होती. बुलबुल आणि खारींपासून बचाव. कागद कुठला, तर छपाईत बिघडलेली, रद्द झालेली वीजबिले. त्यांचे त्याने शंकू केले होते. वारा आला की झाडभर बिले फडफडायची. रोज सकाळी रीडिंगला निघण्याआधी तो एकेक टोपी उचलायचा, तळवा कपाळाशी धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि फळाच्या बुडाशी असलेले बारीक भोक पाहायचा. त्याला तो डोया म्हणायचा. डोळ्याचा डोया, फळाचे फय. आमच्या अहिराणीत ळ टिकत नाही. डोया किती उघडला, देठ किती वाकला, यावरून तो फळाचा दिवस सांगायचा. तो दिवस चुकल्याचे मी पाहिले नाही. पाहण्याची माझी तयारी होती.

काही फळांच्या डोळ्यात तो झाडूच्या काडीने शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. अशी फळे चार-पाच दिवसांत फुगून मऊ व्हायची. हे मी गच्चीवरून पाहिले आणि त्याच दुपारी माझ्या झाडावरच्या सगळ्या गाठींना तेल लावले. त्या तेव्हा हरभऱ्याएवढ्या होत्या. तिसऱ्या दिवशी एकूण एक गळल्या. पुढच्या रीडिंगला तो आला, खाली पडलेली एक गाठ उचलून त्याने नाकाशी नेली.

"तेल कोनी टाकं?"

मी म्हणालो, माहीत नाही, खार वगैरे आली असेल.

"खारले तेल कोठे भेटनं?" त्याने विचारले. चेहऱ्यावर हसू नव्हते. मग तो मीटरकडे गेला आणि आकडे वाचू लागला, नेहमीपेक्षा सावकाश.

आता माझ्या आईविषयी सांगायला हवे, कारण झाडाला फळ का नव्हते याचे अर्धे उत्तर तिच्याकडे होते.

आई कोरीटची. माहेरी तापीकाठची शेती. लग्न होऊन शहरात आली तरी तिची भाषा बदलली नाही. माझी बदलली. वर्तमानपत्रात लागल्यावर मी घरातही छापील मराठी बोलू लागलो, पुढे बायको आणि मीही तसेच बोलत राहिलो. आई आमच्याशी जपून, कमी बोलायची. पेपर मात्र रोज वाचायची, ओळीखाली बोट धरून, आणि माझे काही छापून आले असेल तर दोनदा.

झाड दीड वर्षाचे असताना मी रविवारच्या पानावर अंजिराविषयी एक टिपण लिहिले होते. त्यात एक वाक्य होते: अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातील झाड आहे. वाक्य बरोबर आहे. आजही मी त्यातला शब्द बदलणार नाही. पण आमच्या घरात वडिलांपासून दत्ताची भक्ती. उंबराच्या झाडाला आई पाय लागू देत नाही. तिने ते वाक्य बोट ठेवून वाचले आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर तांब्याभर पाणी घेऊन अंजिराकडे गेली. हळदीकुंकू वाहिले. गुरुवारी दिवा लावला. त्या दिवसापासून झाडाला रोज एक तांब्या आणि त्याला लोखंड लावायला बंदी. मी कात्री काढली की ती दारात उभी राहायची. मी सांगितले, कूळ एक म्हणजे देव एक नव्हे, हा वनस्पतिशास्त्रातला शब्द आहे. तिने कात्रण आणून दाखवले. तुझ्याच पेपरात आहे, म्हणाली.

त्यामुळे झाडाला ना पाणी तोडण्याचा ताण मिळाला ना छाटणी. मोरीचे पाणी होतेच, वर भक्तीचे.

त्याच्या झाडाला पहिल्यांदा फळे धरली त्याच वर्षी त्याची अंजिरे आमच्या घरी यायला लागली. ताटलीत पाने अंथरून त्यावर चार-पाच. आईच्या हातात द्यायचा आणि ओट्यावर बसून तिच्याशी अहिराणीत गप्पा मारायचा. कोणत्या घरात सून नवी आली, कोणाची म्हैस मीटरची वायर चघळते, अक्कलकुव्याकडे बदली होऊन गेलेला साहेब कसा रोज परत यायची वाट पाहतो. आई हसायची. तिचे मोठ्याने हसणे मी त्याआधी कधी ऐकले होते ते आठवून पाहिले. तारीख सांगता आली नाही.

"माय, डोया देखा डोया," तो फळ तिच्या हातात फिरवून दाखवायचा. तीही डोळा मिटून पाहायची.

एके वर्षी परसबागांवर एक पान करायचे ठरले. आमचा छायाचित्रकार मागच्या गल्लीत गेला आणि बिलांच्या टोप्या घातलेल्या त्या झाडाचा फोटो घेऊन आला. फोटो चांगला होता. त्याने फोटोखालच्या ओळीत त्या माणसाचे नाव लिहून दिले होते. पान माझ्याकडे होते. मी ओळ लिहिली: शहरातील एका अंगणात बहरलेले अंजीर. नाव काढले. कारण कुणी विचारले नाही. विचारले असते तर जागेची अडचण सांगितली असती.

सकाळी आईने पान उघडले. फोटो ओळखला. ओळ वाचली.

"नाव काब्र नही टाकं?"

मी म्हणालो, जागा नव्हती.

तिने त्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवले आणि पुढची कोरी जागा कडेपर्यंत बोटाने ओढत नेली. त्या जागेत नाव, आडनाव आणि गल्ली बसली असती. मग तिने पान घडी करून ठेवले.

त्याला वाईट वाटले असेल असे मी धरून चाललो होतो. तो संध्याकाळी आला तो पान प्लॅस्टिकमध्ये घालून. सगळ्यांना दाखवून आला होता. माणसांचे फोटो रोजच येतात, झाडाचा एकट्याचा फोटो आला, हे त्याला मोठे वाटत होते. माझे आभार मानले. मला ते आभार अजून पचलेले नाहीत.

जानेवारीत आई पडली. तांब्या घेऊन अंजिराकडे गेली होती. रोजच्या पाण्याने तिथे शेवाळ धरले होते. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले, खिडकीशी खाट टाकली. आधाराने चार पावले चालायची. जेवण तुटले. भाकरी नको, भात नको. तोंडाला चव नाही म्हणायची.

फेब्रुवारीपासून तो रोज यायला लागला. रीडिंगच्या फेरीआधी, सकाळी. एक अंजीर, कधी दोन. ती ते खायची. घरात शिजलेले सगळे परत जायचे आणि बाहेरून आलेले एक अंजीर पूर्ण खाल्ले जायचे, सालीसकट. डॉक्टरांनी सांगितले, चांगले आहे, चालू ठेवा. माझ्या बायकोला याचा आनंद झाला. मला झाला नाही, असे म्हणणे अर्धवट होईल. आई खात होती याचा झाला. कुणाच्या हातचे खात होती, याचा नाही.

होळीला मी काठी गावी गेलो होतो. तिथल्या राजवाडी होळीची बातमी दरवर्षी मीच करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगाला धूर आणि धूळ घेऊन परत आलो, तर तो आईच्या उशाशी बसून फळाचे बारीक तुकडे करून तिला देत होता. ती माझ्याकडे वळली.

"हाऊ बी मन्हा आंडोरच शे," ती म्हणाली. आंडोर म्हणजे मुलगा. बी म्हणजे सुद्धा. त्या 'सुद्धा'मध्ये माझी जागा शाबूत होती, हे मला कळत होते. तरी मी पाणी न पिता आतल्या खोलीत गेलो.

त्या दिवशी मी ठरवले की पुढच्या हंगामात आईने माझ्या झाडाचे अंजीर खायचे. एक तरी. आणि ते माझ्या झाडाचे आहे हे तिला ठाऊक असले पाहिजे. आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. पुढच्या हंगामाला एक वर्ष होते. एवढी साधी गोष्ट होती आणि मला दुसरे काही सुचत नव्हते.

त्यासाठी झाडाचा तांब्या बंद व्हायला हवा होता. आई पडून होती तरी पूजा चालूच होती. ती खाटेवरून सांगायची आणि माझी बायको पाणी घालून यायची. पावसाळाभर मी आईला समजावले. पाणी तोडल्याशिवाय फळ येत नाही, सांगितले. कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांचा दाखला दिला. रागावून पाहिले. तिने भिंतीकडे तोंड केले. माझ्यासाठी झाडाचा तळतळाट घेऊ नको, एवढेच म्हणाली.

शेवटी मी त्याच्याकडे गेलो. मागच्या गल्लीत, त्याच्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने खुर्ची पुसून दिली. मी सगळे सांगितले, तेल सोडून. त्याने ऐकून घेतले. उद्या येतो म्हणाला.

आला, आईच्या खाटेशी बसला. खिडकीतून झाड दिसत होते. त्याने तळवा कपाळाशी धरला, डावा डोळा मिटला आणि झाडाकडे बराच वेळ पाहिले.

"माय, हाऊ उंबर नही शे," तो म्हणाला. "उंबरना साला शे."

आईने मान वळवून झाडाकडे पाहिले.

"कूय एक, बरोबर शे, भाऊसाहेबनी लिखेल शे. पन साला शे. सालानी पूजा कोनी करस का?"

आईचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटले तिला त्रास होतो आहे. ती हसत होती. खुबा दुखेल म्हणून पोट धरून हसत होती.

"मंग धर त्याना कान," ती म्हणाली.

इतकी वर्षे मी तिला कुळाचा अर्थ सांगत होतो. त्याला एक नाते पुरले. माझ्या वाक्यात चूक नव्हती, ते अपुरे होते. त्याने ते पूर्ण केले आणि माझे नाव घेऊन पूर्ण केले. मला आनंद व्हायला हवा होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि विचार करत होतो की हे मला का सुचले नाही.

तांब्या बंद झाला. मोरीचे पाणी त्याने विटा लावून नालीकडे वळवले. महिनाभर झाडाने पाने खाली सोडली, पिवळी केली, टाकली. रोज सकाळी मला पाणी घालावेसे वाटायचे. तो म्हणायचा, उपाशी राहू द्या. "त्याले भेव वाटनं का फय देस." भीती वाटली की फळ देते. दिवाळीआधी एका रविवारी तो करवत घेऊन आला. मी शिडी धरली. फांदी पडली की कापलेल्या जागेतून पांढरा चीक गळायचा, तो त्याने हातांना लागू दिला, मला बाजूला व्हायला सांगितले; खाज सुटते. कमरेएवढे तीन खुंट उरले. अंगणात एकदम उजेड पडला. आईने खाटेवरून पाहिले आणि विचारले, कान इतका धरायचा असतो का.

त्याच थंडीत मीटर बदलायला सुरुवात झाली. नवे मीटर स्वतःच आकडा पाठवतात. वाचायला माणूस लागत नाही. तो कंत्राटावर होता. आमच्या भागातले शेवटचे मीटर बदलले तेव्हा त्याचे कामही संपले. याची बातमी मी केली. चार ओळींची, जिल्ह्यासाठी. त्यात मीटर वाचणाऱ्यांचा उल्लेख एका ओळीत होता. या वेळी खरेच जागा नव्हती.

मुलीने सुरतेला बोलावले. तिथल्या एका सोसायटीत जावयाने रखवालीचे काम पाहिले होते. निघण्याच्या दिवशी तो सकाळच्या गाडीआधी आमच्याकडे आला. हातात एक बॅग आणि गाठोडे. आई झोपली होती. रात्रभर पाय दुखत होता, पहाटे डोळा लागला होता. मी उठवतो म्हणालो. त्याने हात धरला.

"उठाडू नका मायले. इचारी ते सांगा, येस म्हनी."

विचारले तर येतो आहे म्हणून सांगा. तिच्या उशाशी उभा राहून त्याने तळवा कपाळाशी नेला. तिथे ऊन नव्हते, खोलीत अंधारच होता. आकडे वाचल्यासारखे ओठ हलले का, ते मी पाहिले नाही. मग माझ्या झाडाकडे गेला, खुंटावरचे फुटवे चाचपले, आणि फाटक ओढून घेतले.

आई उठली तेव्हा मी तिला सांगितले की तो सुरतेला गेला, काम सुटले, आता येणार नाही. त्याने सांगितले होते तसे सांगितले नाही. माझ्या धंद्यात खरे सांगतात, असे मी स्वतःला म्हटले. ते कारण नव्हते. आता तिच्या वाट्याला एकच अंजीर आहे आणि घरात एकच मुलगा, हे तिला कळावे असे मला वाटत होते.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी थोडा भात खाल्ला. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीकडे पाहत म्हणाली, "मीटरवाला उना नही का?" मी पुन्हा सांगितले. पाचव्या दिवशी तिने पुन्हा विचारले. तिचे स्मरण उत्तम आहे. गेल्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांची संख्या ती आजही सांगते. ती विसरली नव्हती. बातमी वाचायची नसेल तर वाचक पान उलटतो, तसे तिने केले होते. मग मीही सांगणे सोडले. येईल म्हणू लागलो.

त्याचे घर रिकामे झाल्यावर मालकाने मागच्या जागेत फरशी घातली. गाडी लावायला. अंजीर मुळासकट काढले. मी गच्चीवर होतो. पहिली भावना सुटकेची होती. खरी आहे म्हणून नोंदवतो. पुढे बरेच दिवस सवयीने गच्चीवर जात राहिलो, आणि तिथून पाहण्यासारखे काही नव्हते.

माझ्या झाडाला मार्चच्या सुरुवातीला फळे धरली. प्रत्येक पानाच्या बगलेत एक. त्यांना मी वर्तमानपत्राच्या टोप्या घातल्या. तेल लावले नाही. रोज सकाळी एकेक टोपी उचलून डोया पाहायचो. माझा अंदाज दोनदा चुकला. एक फळ कच्चे निघाले, एक मुंग्यांनी खाल्ले. तिसऱ्याने मान टाकली, बुडाशी मधाचा थेंब आला, तेव्हा ते देठासकट तोडले. जांभळट, थोडे चिरलेले. पाने अंथरून ताटलीत ठेवले. आईसमोर धरले.

मी सांगितले, आपल्या झाडाचे आहे. पहिले.

तिने हातात घेतले, फिरवले, डोळा मिटून पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. सुरी मागितली. फळ उभे चिरले. अर्धे खाल्ले, सावकाश. चव कशी आहे ते बोलली नाही. मी उभाच होतो. उरलेले अर्धे तिने ताटलीत पानावर ठेवले, वर वाटी झाकली.

"हाई त्याले ठेव."

मी ताटली घेऊन स्वयंपाकघरात आलो. बायको बाजारात गेली होती. वाटी उचलली, अर्धे अंजीर पाहिले. बिया दिसत होत्या, मधे लालसर. एक वर्ष या फळासाठी थांबलो होतो आणि त्यात अर्धा वाटा सुरतेच्या रखवालदाराचा निघाला होता. मी ते ओट्याशी उभा राहून खाल्ले. गोड होते. त्याच्याइतके की जास्त, हे ठरवायला मला आणखी एक लागले असते.

दुपारी ताटली घासलेली पाहून आईने विचारले, "उना व्हता का?"

मी हो म्हणालो. तू झोपली होतीस. येऊन गेला. खाऊन गेला.

"त्याले सांगं का, तुन्हा झाडनं शे म्हनी?"

"सांगं," मी म्हणालो.

तिने उशीवरून मान थोडी उचलली. "मंग? काय म्हने?"

मी विचार केला. "काही नही म्हने. नुसता देखत ऱ्हायना."

"जयना व्हई," आई म्हणाली. मान परत उशीवर टेकली. कुणी जळल्याचे इतके समाधान मी तिच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिले नव्हते.